सातबारा काढ, मग गावी जा

प्रिय पोरी,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण दोन ओळीत उत्तर देऊन टाकायचा विषय नव्हता म्हणून आज सकाळी निवांत बसून लिहितोय. मे महिन्यात गावी जाणार आहेस, एकटी, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच, हे वाचून मला फार बरं वाटलं. पुढे तू विचारलंस की काका, घराला कुलूप, मी लहानपणी कधीतरी गेलेली, तिथे आता मला ओळखतं कोण, जाऊन कोणाच्या दारात उभी राहू? जमिनीच्या कागदांच्या नोकरीत असताना हा प्रश्न चाकरमान्यांच्या कितीतरी मुलांनी मला विचारलाय. यायचे जमिनीच्या कामाला, पण कागद बाजूला ठेवून चहा घेताना हे बाहेर पडायचं.

त्यांना सांगायचो तेच तुला सांगतो. जायच्या आधी सातबारा काढ.

दचकू नकोस, वाटा मागायला नाही पाठवत तुला. तळकोकणात आपल्या घरची माणसं एका जागी लिहिलेली सापडतील असा साध्या माणसाकडे तोच एक कागद असतो. वंशावळ तुझ्याकडे नाही, बाबांनी कधी सांगितली नाही, आजोबांचा एक फोटो तेवढा आहे. पण आजोबांचं नाव कुठल्या ना कुठल्या सातबाऱ्यावर असणार आणि त्यांच्या वरखाली ज्यांची नावं आहेत ती सगळी तुझी माणसं आहेत. महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडून नावाने शोधता येतं, बाबांचं नाव नाही लागलं तर आजोबांचं टाक, तेही नाही तर नुसत्या आडनावाने बघ, अख्खी भावकी समोर येईल. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांना मिळतो. आठ-अ सुद्धा काढ, त्यात एका खात्यावर कुठले कुठले तुकडे आहेत ते कळतं. आणि प्रिंट काढ गं, मोबाईलच्या स्क्रीनवर म्हाताऱ्या माणसांना काही दिसत नाही.

आता तो वाचायचा कसा. भोगवटादाराच्या, म्हणजे कब्जेदाराच्या, रकान्यात एकाखाली एक नावं दिसतील आणि पुढे सामाईक क्षेत्र. आपल्याकडे दोन-अडीच गुंठ्याच्या तुकड्यावर पंचवीस-तीस नावं हे काही नवल नाही, शहरातली मुलं ते बघून हसतात, की एवढ्याशा जमिनीला एवढी माणसं. तू मात्र एकेक नाव हळू वाच. एखाद्या नावापुढे ए.कु.मॅ. असेल, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलंय आणि धाकटे भाऊ कागदावर नाहीतच, ते मुंबईला होते किंवा लहान होते. अशा ठिकाणी वहीत लिहून ठेव की इथे अजून माणसं आहेत, विचारायची आहेत.

जुन्या हाताने लिहिलेल्या उताऱ्यावर कुठे अ.पा.क. दिसलं तर तिथे जरा थांब. अज्ञान पालनकर्ता. म्हणजे बाप गेला तेव्हा मुलं सज्ञान नव्हती म्हणून त्यांच्या नावापुढे पालक म्हणून कोणाचं तरी नाव लावलं, बहुतेक वेळा आईचं. तीन अक्षरांचा शेरा आहे, पण त्याच्या मागे एक तरणी विधवा बाई आहे, जिने पोरं वाढवली, भात लावलं, चिऱ्याचं घर राखलं आणि तलाठ्यासमोर अंगठा दिला. मी नोकरीत असे उतारे खूप पाहिले आणि दरवेळी मला त्या बाईबद्दल विचारावंसं वाटायचं, पण समोर रांग असायची. तुला वेळ आहे. तुझ्या घरात अशी कोणी असेल तर तिचं नाव विचार, तिचं माहेर कुठलं ते विचार, तिच्याबद्दल सांगणारं एखादं माणूस अजून असेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे इतर अधिकार. लोक तिथे फक्त सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का तेवढं बघतात. पण आपल्याकडे कित्येक वर्षं बापाच्या मागे मुलग्यांची नावं कब्जेदारात आणि मुलींची नावं इतर अधिकारात लावायची पद्धत पडली होती, त्यामुळे तुझ्या आत्या, आजोबांच्या बहिणी, त्या सगळ्या तुला तिथे कोपऱ्यात सापडतील. प्रत्येक नावाजवळ फेरफाराचा, म्हणजे ते नाव कसं लागलं त्या नोंदीचा, नंबर असतो. तो नंबर घेऊन तलाठी ऑफिसला, तिथे नाही मिळाला तर तहसीलच्या रेकॉर्डला अर्ज करायचा आणि तो फेरफार काढायचा. वारसाचा फेरफार असेल तर अमुक इसम अमुक तारखेस मयत, वारस मुलगा अमुक, मुलगी अमुक, लग्न झालेली, सासरचं नाव, राहणार अमुक गाव, असं त्यात लिहिलेलं असतं. ज्या आत्येचं नावही तू ऐकलं नाहीस तिचा पत्ता तुला सरकारी कागदात मिळेल, मला तरी याचं कायम आश्चर्य वाटत आलंय.

कब्जेदारातली निम्मी नावं मुंबईत का, ते तुला अर्धंमुर्धं माहीत आहेच. सडा आणि वरकस जमीन, भाताचे लहान लहान कोपरे, त्यावर घर चालत नव्हतं म्हणून घरटी एक-दोन पुरुष मुंबईला. आधी बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरायचे, मग एसटीने, 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हापर्यंत तुझ्या आजोबांची गिरणी बंद पडून जमाना झाला होता. गिरणगावात गावकऱ्यांच्या खोल्या असायच्या, एका गावची माणसं एका खोलीत, पाळीप्रमाणे झोपायची, ट्रंका भिंतीला, जेवण खानावळीत, आणि महिन्याला मनीऑर्डर गावी. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला त्यानंतर कोण गावी परतलं, कोण मुंबईतच वॉचमन, फेरीवाला, रिक्षा असं काहीबाही करत राहिलं, तिथे घरंच्या घरं फुटली. तुझे बाबा गावाबद्दल का बोलत नव्हते त्याचं उत्तर मला वाटतं त्या चार-पाच वर्षांत आहे. आजोबांच्या खोलीतलं कोणी हयात असेल तर गावी जायच्या आधी त्याला परळला जाऊन भेटलीस तरी चालेल. खरं म्हणजे भेटच.

रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं आता, मे महिन्याचं पहिल्या दिवशीच संपतं, ते तू बघ. कणकवलीला उतर.

गावात पोचलीस की पहिली जा आत्येकडे. चुलत घराच्या आधी. याचं कारण आहे. चुलत घरात तू गेलीस की त्यांच्या मनात पहिला विचार येतो, ही आता कशाला आली असेल, त्यात त्यांची चूक नाही, जमिनीचे इतके तंटे त्यांनी बघितलेत. आत्येच्या मनात तो येत नाही. ती भावाची मुलगी बघते. ती तुला घेऊन चुलत घरी जाईल आणि मग तुझ्या जाण्याला वेगळा अर्थ येईल. वाटेत पाणंदीत, व्हाळाजवळ, दुकानावर, जिथे तिथे तुला विचारतील, "कोणाचा गो चेडू तू?" तिथे आपलं नाव, कंपनी, पुण्यातला फ्लॅट असलं काही सांगत बसू नकोस. अमक्याची नात, अमक्या वाडीतली, एवढंच सांग. मग बघ पुढचा माणूस स्वतःहून बोलायला लागतो, तुझा आजोबा कसा भजनात मृदंग वाजवायचा की कोणाच्या लग्नात रुसून बसला होता, जे काय असेल ते.

आणि पोरी, प्रश्नांची यादी काढून आणि मोबाईलचा रेकॉर्डर पुढे धरून बसू नकोस. हाताला काम घे. मे महिन्यात आत्येच्या खळ्यात आमसुलं चाललेली असतील. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, साली उन्हात घालायच्या, मग त्यांना मिठाच्या रसाचं पुट द्यायचं, परत वाळवायच्या, परत पुट, असं त्या काळ्याभोर होईपर्यंत. दुपारभर चालणारं काम आहे, हात लाल होतात, डाग नखातून दोन दिवस जात नाहीत. तू शेजारी बसून रतांबे फोडायला लागलीस की थोडा वेळ ती फक्त सांगेल असं नको करू, असं धर, आणि मग अर्ध्या तासाने कुठूनतरी बोलायला लागेल आणि तुझ्या आजीचं लग्न, पहिला गौरीचा ववसा, कोणाला कुठे दिली, कोणाचं मूल गेलं, सगळं येईल. मध्येच गप्प झाली तर तूही गप्प बस. रेकॉर्डिंग करायचंच असेल तर विचारून, चौथ्या-पाचव्या दिवशी.

संध्याकाळी सातबाऱ्याचा तो प्रिंट समोर घे आणि नावं एकेक करून मोठ्याने वाच. तू वाचायचं, ती सांगेल. हा कोण, हा आपल्यातला की खालच्या घरातला, हा हयात आहे का, मुलं कुठे. प्रत्येक नावापुढे पेन्सिलने लिही. एखाद्या नावाला ती तोंड फिरवेल. फिरवू दे. आपल्याकडे कुळकायद्यात, म्हणजे कसणाऱ्या कुळाला जमीन देणाऱ्या कायद्यात, कोणाची जमीन कोणाच्या नावावर गेली, 1 एप्रिल 1957 ला ताब्यात कोण होतं, यावरून सुरू झालेले अबोले तिसऱ्या पिढीत चालू आहेत, ज्यांनी धरलेत त्यांना कारण नीट माहीतही नसतं. तू न्याय करायला बसू नकोस. पण त्या नावाच्या घरी सुद्धा जा, शेवटच्या दोन दिवसांत, आणि पाणी पिऊन ये. पाणी मागून पी, चहा नको.

अजून एक काम आहे आणि ते माझ्या मते सगळ्यात घाईचं आहे. सातबाऱ्यावर तुला फक्त नंबर दिसेल, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर. प्रत्येक तुकड्याला गावात नाव असतं, वडाकडचो कोपरो, देवाचो मळो, अमक्याचा भरड, आणि ही नावं आमच्या कुठल्याही नमुन्यात नोंदलेली नसतात. आधी आठ-अ वरचे नंबर एका पानावर उतर, मग चुलत काका किंवा गावातला कोणी जुना माणूस घेऊन सकाळी उन्हं चढायच्या आत प्रत्येक तुकड्यावर प्रत्यक्ष जा, पायाने जा, आणि नंबरापुढे नाव लिही. हद्द कुठली, बांध कुठला, आंबा कोणी लावला, राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा, नारळ कुठे ठेवतात, विहिरीत पाणी कितीपर्यंत टिकतं. हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. ती गेली की त्या जमिनीला नुसता नंबर राहील, आणि नंबर विकायला कोणालाच काही वाटत नाही.

विकण्यावरून आठवलं. तू आलीस हे कळल्यावर तिसऱ्या दिवशी कोणीतरी गोड बोलणारा माणूस गाडी घेऊन येईल, पडीक जमीन ठेवून काय करणार ताई म्हणून. बस म्हण, पाणी दे, आणि काही बोलू नकोस. हायवे झाल्यापासून हे फार वाढलंय. आणि आपल्याच घरातलं कोणी प्रेमाने म्हणालं की हक्कसोडपत्रावर सही करून टाक, सगळं सोपं होईल, तर त्या मुक्कामात सही करायची नाही. मी वाईट अर्थाने सांगत नाहीये, तुला पुढे सोडायचं असेल तर जरूर सोड, पण पुण्याला परत येऊन, विचार करून. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे, बाप 2005 ला हयात नसला तरी आहे, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. शिवाय महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन सहज विकत घेता येत नाही, त्यामुळे तुझं नाव एकदा निघालं की उद्या तुला वाटलं तरी परत चिकटणं कठीण. मी कितीतरी आत्या बघितल्या ज्यांनी भावाच्या मायेपोटी ऑफिसात येऊन सही केली आणि नंतर त्यांना माहेरच्या गणपतीचं बोलावणं यायचं बंद झालं. तेव्हा बाबांच्या मागे तुझी वारस नोंद झाली नसेल तर तेवढी मात्र घाल. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र लागतं, अर्ज आता ऑनलाइन होतो. चुलत काकांना आधी सांगून घाल, त्यांना नोटीस आल्यावर कळायला नको.

कुलूप उघडायचं की नाही ते तिथे जाऊन ठरव. उघडलंस तर एकटी आत जाऊ नकोस, बंद घरात साप-किरडू असतं, वासा कुजलेला असू शकतो, कोणी बाप्या माणूस बरोबर घे आणि उजेडी जा. माळ्यावर पत्र्याची ट्रंक असेल, बहुतेक घरात असते. त्यातले कागद झटकू नकोस, घडीवर तुटतात, फोटो काढून मला पाठव. जुनी खरेदीखतं मोडीत असतील तर घाबरू नकोस, मोडी वाचणारे दोघं माझ्या ओळखीत आहेत, लावून देतील. फेरफाराचा अर्ज कसा लिहायचा त्याचा नमुना मी आजच तुला मेल करतो, त्यात फक्त गावाचं नाव आणि नंबर भरायचे, आणि आत्येचा फोन नंबर सापडला की आधी तिला फोन कर, येतेय म्हणून सांग. काय आणू विचारलंस तर नको नको म्हणेल, तरी तिला गुडघ्याचा पट्टा आणि चांगली टॉर्च घेऊन जा.

तुझा,
काका