लेट्रोझोल (इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारी गोळी) चालू असतानाच आईचा स्तनाचा कॅन्सर परत आला. आता हार्मोन थेरपीचा काही उपयोग नाही का?

बहुतेक वेळा असतो. गोळ्या दीर्घकाळ चालू असताना काही कॅन्सरपेशींच्या ईएसआर१ जनुकात बदल होतो. हे जनुक इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, म्हणजे हार्मोन जिथे चिकटतं तो पेशीतला भाग, बनवतं. मग इस्ट्रोजेन नसतानाही त्यांचा रिसेप्टर चालूच राहतो आणि लेट्रोझोल निष्प्रभ ठरतं. अशा वेळी तो रिसेप्टरच निकामी करणारं फुलवेस्ट्रंट देतात: दोन्ही कुल्ल्यांत एकेक इंजेक्शन, सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. औषध तेलकट, दाट असतं, म्हणून सावकाश टोचतात. सोबत अनेकदा रायबोसिक्लिबसारखी, कॅन्सरपेशींचं विभाजन रोखणारी गोळी असते.

पण आधी शक्य असेल तर नव्या गाठीची बायोप्सी करून घ्याच. जुन्या रिपोर्टवर विसंबू नका, रिसेप्टर आणि हर-२ (कॅन्सरपेशींची वाढ घडवणारं एक प्रथिन) दोन्ही बदललेले असू शकतात.

आणि आईंना सांगा, त्यांचं काही चुकलेलं नाही. एकही गोळी न चुकवणाऱ्यांनाही हे होतं.