जमातीनं जमवलेल्या पैशातून गरीब मुलांची इंजिनीअरिंगची फी भरावी का?

तुम्ही विचारलंय की खेड तालुक्यातल्या तुमच्या जमातीनं (म्हणजे गावच्या मुस्लिम मंडळींच्या संघटनेनं) आखातातल्या लोकांकडून ६ लाख रुपये जमवलेत, त्यातून इंजिनीअरिंग-कॉम्प्युटरला जाणाऱ्या गरीब मुलांची फी भरावी का. मी रत्नागिरीत १९ वर्षं पहिल्या वर्षाला गणित शिकवते. माझं मत विचाराल तर फी सगळ्यात शेवटी बघा.

फीसाठी सरकारी मार्ग आहेत. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा ट्यूशन फी माफीच्या असतात, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. कॅप राउंडला, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीला, त्यांचा चॉइस कोड वेगळा भरावा लागतो आणि गावाकडच्या मुलांना ते कुणी सांगतच नाही. (त्या जागेवर प्रवेश घेतला की कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, हे मात्र आधीच बजावा.) मुलींसाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५० हजार. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, अल्पसंख्याकांची वेगळी आहे. फॉर्म भरण्यात तरबेज असा एखादा पोरगा जूनमध्ये बसवा आणि आधार व मार्कलिस्टवरचं नावाचं स्पेलिंग त्याला आधी जुळवून घ्यायला सांगा. हे काम जवळजवळ फुकटात होतं.

पैसे लागतात ते वेळेवर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि प्रवेशाची धावपळ नेमकी तेव्हाच. खलाशाच्या घरात त्या दोन महिन्यांत मासळीतला वाटा येत नाही. माझा एक विद्यार्थी, कॉम्प्युटरचा, दुसऱ्या सेमिस्टरला परीक्षा फी आणि खोलीचं भाडं मिळून काही हजारांसाठी थांबला. शिष्यवृत्तीचा हप्ता खात्यात आला तेव्हा तो गोव्यात हॉटेलात कामाला लागला होता. त्याला मी वेळेवर विचारलं नाही, हे मला आजही लागतं. म्हणून ६ लाखांतले निदान २ लाख मोकळे ठेवा. मुलानं फोन केला की दोन दिवसांत ५ हजार पोचले पाहिजेत, कमिटीची मीटिंग न लावता.

पण मुलं खरी हरतात ती एम-वनमध्ये, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणितात, एकेकटी. रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदराकडची एक मुलगी, दहावीपर्यंत उर्दू माध्यम, शेवटच्या बाकावर बसायची. चाचणीत तिनं आकृती अचूक काढली आणि खाली एक ओळ लिहिली नाही. जवळ बसवून विचारलं तर कळलं, कॉम्प्लेक्स नंबरचं 'आर्ग्युमेंट' तिनं डिक्शनरीत पाहिलं होतं आणि तिथं लिहिलं होतं वाद, भांडण. मी म्हटलं, अगं, हा कोन. ती म्हणाली, "म्हणजे ज़ाविया, मॅडम?" (उर्दूत कोनाला ज़ाविया म्हणतात) आणि उरलेलं गणित तिनं माझ्यासमोर सोडवलं.

त्या आठवड्यापासून तिला आणि आणखी तिघांना साडेचारनंतर रिकाम्या लॅबमध्ये एका टेबलाभोवती बसवलं. त्यातल्या एकीची आई काजू सोलायला जाते. रोज एकच गणित द्यायचे, पण अवघड. सोपी दिली की आपल्याला कच्चं समजतात, हे मुलांना लगेच कळतं. हे डोकं माझं नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला युरी ट्राइझमन यांनी पाहिलं की कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारी कृष्णवर्णीय मुलं मेहनत भरपूर करतात, पण एकटी बसून. चिनी मुलं मात्र एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढतात. मग त्यांनी शिकवणी न लावता अवघड गणितांचे गट बसवले. माझे चौघेही एम-वनला केटीशिवाय, म्हणजे विषय मागे न राहता, सुटले.

तेव्हा जमातीतली दोघं-तिघं शक्यतो एकाच कॉलेजात घाला, एकाच खोलीत ठेवा आणि त्या खोलीचं भाडं तुम्ही भरा. आपली तिसऱ्या-चौथ्या वर्षाची एखादी मुलगी किंवा मुलगा दर रविवारी त्यांच्यात बसायला हवा. त्याला महिन्याला मानधन द्या, फुकट राबवू नका. आणि हे ऑगस्टमध्येच सुरू करा, कारण पहिल्या सेमिस्टरच्या निकालानंतर धावलात तर मूल आधीच घरी बसलेलं असतं.

अवघड गणितांची वही माझ्याकडे आहे. खाली कळवा, पानांचे फोटो पाठवते.