पायथन नवा, खिडकी गायब

वाचकांच्या संगणक-शंका. कमांड आणि एररचे मजकूर इथे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत करावेत. मोठी अक्षरे लागतील तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : वागळे इस्टेटमधल्या आमच्या पॅकिंग युनिटमध्ये लेबल छापायचा एक प्रोग्राम आहे, पायक्यूटी५ (पायथनमध्ये विंडो बनवायचे साधन) वर बनवलेला. जुन्या पीसीवर पायथन ३.८ होता. नवा पीसी घेतला, त्यावर ३.१२ टाकला. प्रोग्राम उघडतो, पण लेबलची रुंदी बदलायची पट्टी सरकवली की आख्खी विंडो नाहीशी होते. मेसेज काहीच येत नाही. परत जुना पायथन टाकावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी मेसेज मिळवा, मग ठरवा. मेसेज येतो आहे, फक्त तो दिसायला जागा नाही. तुमच्या फाइलच्या नावाच्या शेवटी बहुधा ‘.पीवायडब्ल्यू’ असेल. अशी फाइल डबल-क्लिक केली की ती काळ्या विंडोशिवाय चालते आणि एरर हवेत जाते. एक्सप्लोररमध्ये तो फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ टाइप करून एंटर दाबा. काळी विंडो त्याच फोल्डरमध्ये उघडेल. तिथे ‘पाय’, मग एक स्पेस आणि फाइलचे पूर्ण नाव देऊन प्रोग्राम चालवा आणि पट्टी सरकवा. विंडो जाईल, पण मागे दहा-पंधरा ओळी उरतील. त्यातली कामाची ओळ तळाची.

तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून तिथे ‘टाइपएरर’ आणि पुढे ‘आर्ग्युमेंट १ हॅज अनएक्स्पेक्टेड टाइप फ्लोट’ अशा अर्थाचे काही असण्याची दाट शक्यता आहे. ८० भागिले २ म्हणजे ४०, असे आपण म्हणतो. पायथन ३ म्हणतो ४०.०, कारण एका तिरक्या रेघेचा भागाकार नेहमी दशांश संख्याच देतो. विंडोची रुंदी, पट्टीची किंमत, रेघेचे टोक या गोष्टी मात्र क्यूटीला, म्हणजे पायक्यूटीच्या मुळाशी असलेल्या विंडो काढणाऱ्या साधनाला, पूर्णांकात हव्या असतात. ३.७ पर्यंत दशांशाचा भाग गुपचूप कापला जायचा. ३.८ आणि ३.९ मध्येही तो कापला जायचा, सोबत एक इशारा असायचा, पण तो मुख्य फाइलबाहेर एरवी दाखवला जात नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आला आणि हा लाड बंद झाला. म्हणजे चूक पहिल्या दिवसापासून प्रोग्राममध्येच होती, नव्या पायथनने ती खपवून घेतली नाही इतकेच.

एररच्या ओळींमध्ये फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. त्या ओळीत जी संख्या क्यूटीच्या फंक्शनला दिली आहे तिच्याभोवती ‘राउंड’ (जवळचा पूर्णांक देणारे फंक्शन) आणि कंस घाला. अनेक जण तिरकी रेघ दोनदा देऊन सोडतात. ते चालते, पण मूळ संख्याच दशांश असेल तर नाही : ८०.० ला दोन रेघांनी २ ने भागले तरी उत्तर ४०.० च येते. ‘राउंड’ला दुसरा आकडा म्हणून शून्य दिले तरी दशांशच परत मिळतो, तेव्हा कंसात फक्त एकच संख्या द्या.

दशांशाचा भाग नुसता कापणारा ‘इंट’ का नको? लेबल प्रिंटर सहसा २०३ डीपीआयचे (इंचाला २०३ ठिपके) असतात, म्हणजे मिलिमीटरला जेमतेम ८ ठिपके. १२.५ मिमीची ओळ ९९.९ ठिपक्यांची होते. ‘इंट’ तिचे ९९ करतो, ‘राउंड’ १००. प्रत्येक ओळीची जागा मागच्या ओळीत उंची मिळवून काढली असेल, तर ‘इंट’ने दहाव्या ओळीपर्यंत ९ ठिपक्यांचा फरक पडतो, १ मिमीहून जास्त. बारकोड कडेला सरकला की दोष प्रिंटरला दिला जातो. त्याहून बरे म्हणजे बेरीज मिलिमीटरमध्येच करायची आणि ठिपके शेवटी एकदाच काढायचे.

एवढ्याशा चुकीने आख्खी विंडो का जाते? पायक्यूटी ५.५ पासून तसा नियमच आहे. बटणाच्या किंवा पट्टीच्या मागच्या फंक्शनमध्ये एरर आली आणि कोणी पकडली नाही, तर प्रोग्राम जागीच थांबवला जातो. पायक्यूटी४ एरर छापून पुढे चालत राहायचा. हा थांबा टाळायचा तर ‘सिस.एक्सेप्टहुक’ला (कोणी न पकडलेली एरर पायथन जिथे सोपवतो ती जागा) आपले छोटे फंक्शन जोडा आणि त्यातून एरर एका फाइलमध्ये लिहा. मग प्रोग्राम चालू राहतो आणि दिवसभरात कुठे कुठे अडतो याची यादी संध्याकाळी हातात येते. त्या फंक्शनमध्ये मेसेज-बॉक्स मात्र दाखवू नका. एरर चित्र काढणाऱ्या ‘पेंटइव्हेंट’मध्ये असेल तर बॉक्स बंद केला की विंडो पुन्हा रंगते, पुन्हा एरर, पुन्हा बॉक्स. शेवटी टास्क मॅनेजर उघडावा लागतो.

काळ्या विंडोत एकही ओळ उरली नाही तर लगेच ‘एको’, स्पेस आणि दोन टक्के-चिन्हांमध्ये ‘एररलेव्हल’ टाइप करा. -१०७३७४०७९१ आले तर प्रकार वर सांगितलेलाच. -१०७३७४१८१९ म्हणजे प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला. मग ‘पाय’नंतर, वजा चिन्हासह मोठा ‘एक्स’ आणि ‘फॉल्टहँडलर’ देऊन चालवा. कोसळताना पायथन कुठल्या ओळीवर होता ते कळेल.

आणि एक शंका. जुन्या पीसीवरून ‘साइट-पॅकेजेस’ (इन्स्टॉल केलेली पॅकेजेस जिथे राहतात तो) फोल्डर पेनड्राइव्हने तर आणला नाही ना? त्यातल्या काही फाइल ठरावीक आवृत्तीसाठीच बांधलेल्या असतात. ‘सिप’ ही पायक्यूटीला लागणारी अशीच एक फाइल : ३.८ ची ‘सिप’ ३.१२ ला दिसतच नाही आणि ‘नो मॉड्यूल नेम्ड पायक्यूटी५.सिप’ येते. जुन्या पीसीवर पिपने (पॅकेजेस इन्स्टॉल करणारा प्रोग्राम) ‘पिप फ्रीझ’ची यादी काढा, नव्यावर ‘पाय -३.१२ -एम व्हेन्व्ह’ आणि पुढे फोल्डरचे नाव देऊन स्वतंत्र जागा करा, ती चालू करून यादी तिथे इन्स्टॉल करा. एखाद्या पॅकेजवर पिप सी++ बिल्ड टूल्स मागू लागला तर ते पॅकेज फार जुने आहे असे समजा. यादीत त्याच्यापुढचा आवृत्तीचा आकडा काढून टाका. कंपायलर बसवायच्या भानगडीत पडू नका.

उद्याच माल निघायचा असेल तर ३.८ सोबत टाकून काम चालवा. दोन्ही पायथन एका पीसीवर सुखाने नांदतात. पण ३.८ चे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२४ मध्येच थांबले आहेत, तो कायमचा ठेवू नये.

प्रश्न : नेरूळच्या आमच्या सोसायटीचा हिशेब जावातल्या एका प्रोग्रामवर आहे. जावा ८ काढून २१ टाकल्यावर मेन्टेनन्सची बिले काढायची विंडो उघडतच नाही. सभासदांची मराठी नावे चौकोन आणि प्रश्नचिन्हे झाली आहेत.
– एक खजिनदार, नवी मुंबई

उत्तर : नावांचे आधी, कारण ते जास्त नाजूक आहे. प्रोग्राम बंद करा आणि काहीही सेव्ह करू नका. चौकोन दिसत असताना यादी सेव्ह झाली तर फाइलमध्ये चौकोनच लिहिले जातील, मूळ नावे परत येणार नाहीत. डेटाच्या फोल्डरची कॉपी आत्ताच काढून ठेवा.

जावा १८ पासून, म्हणजे मार्च २०२२ पासून, फाइल वाचताना यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे साठवायची पद्धत) गृहीत धरले जाते. त्याआधी विंडोजची जी सेटिंग असेल ती धरली जायची. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटात टाइप केलेल्या याद्या या बदलात हमखास सापडतात. प्रोग्राम सुरू करणाऱ्या बॅच फाइलमध्ये ‘जावा’ शब्दानंतर ‘-डीफाइल.एन्कोडिंग=कॉम्पॅट’ घाला. पहिला ‘डी’ आणि पूर्ण ‘कॉम्पॅट’ मोठ्या अक्षरांत. वाचन जुन्या पद्धतीने होईल.

न उघडणाऱ्या विंडोसाठी तीच बॅच फाइल काळ्या विंडोतून चालवा. ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ आणि पुढे ‘जावाएफएक्स’ दिसले तर कारण सरळ आहे : ओरॅकलच्या जावा ८ सोबत येणारा, विंडो काढणारा हा भाग सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मधून वेगळा झाला. झुलू किंवा लिबेरिका या नावांनी मिळणाऱ्या जावांची जावाएफएक्ससह मिळणारी आवृत्ती टाका. ‘इनअॅक्सेसिबलऑब्जेक्टएक्सेप्शन’ दिसले तर प्रोग्राम जावाच्या आतल्या, आता कुलूप लागलेल्या भागात हात घालतो आहे. त्या एररमध्येच कुठला भाग उघडा हवा ते लिहिलेले असते. ते नाव ‘--अॅड-ओपन्स’ने बॅच फाइलमध्ये द्यावे लागेल. ‘३२-बिट डीएलएल’ची (प्रोग्रामला लागणारी विंडोजची कोड-फाइल) तक्रार असेल, तर तो प्रोग्राम बनवणाऱ्याकडून ६४-बिट डीएलएल मिळेपर्यंत ३२-बिट जावा ८ च हवा. तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून बॅच फाइलमध्ये त्याचा पूर्ण पत्ता लिहा. सध्या वर्षअखेरीचा हिशेब चालू असेल तर हेच करा, बाकीचे नंतर.

प्रश्न : उबुंटू २२.०४ वर पायथन ३.१२ टाकून ‘पायथन३’ त्याकडे वळवला. आता टर्मिनलच उघडत नाही.
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : उबुंटूचे टर्मिनल सुरू करणारी फाइल स्वतःच पायथनमध्ये आहे आणि तिला लागणारा ‘जीआय’ हा भाग ३.१० साठी बांधलेला आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा, लॉगिन करा आणि ‘सुडो एलएन -एसएफ पायथन३.१० /यूएसआर/बिन/पायथन३’ द्या. मग ऑल्ट आणि एफ२ किंवा एफ१ ने डेस्कटॉपवर परत या. ३.१२ काढून टाकायची गरज नाही. त्याला ‘पायथन३.१२’ अशीच हाक मारा आणि प्रत्येक प्रोजेक्टसाठी त्यातून वेगळे व्हेन्व्ह, म्हणजे स्वतंत्र जागा, करा.