टॉन्सिलची शस्त्रक्रिया आणि मॉर्फिन टाळणारी भूल

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी रात्री मोठ्याने घोरते, मध्येच तिचा श्वास अडकतो. तिचे टॉन्सिल काढायचे ठरले आहे. मॉर्फिन, फेंटॅनिलसारखी औषधे शक्यतो देणार नाही, असे भूलतज्ज्ञ म्हणाले. मग तिला वेदना सोसाव्या लागतील का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, आणि आपल्या मुलीच्या बाबतीत हा निर्णय मला योग्यच वाटतो. झोपेत वारंवार श्वास अडकणारी मुले मॉर्फिन, फेंटॅनिल यांसारख्या अफूवर्गातील औषधांना अधिक संवेदनशील असतात. इतर मुलांना सहज चालणाऱ्या मात्रेनेही त्यांचा श्वास मंदावू शकतो, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री घशाला सूज असल्याने हा धोका वाढतो. शिवाय या औषधांनी उलट्या होतात.

याच वर्गातील कोडीन या वेदनाशामकाचा अनुभव तर फार दुःखद आहे. यकृतात कोडीनचे मॉर्फिन होते, आणि काही मुलांमध्ये जनुकीय कारणाने हे रूपांतर अतिशय वेगाने घडते. नेहमीच्याच मात्रेत कोडीन दिलेली काही मुले टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली, तेव्हा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये त्याविरुद्ध कडक इशारा दिला. २०१७ मध्ये तिथे कोडीन व त्याच वर्गातील ट्रॅमाडॉल ही दोन्ही औषधे १२ वर्षांखालील मुलांना वर्ज्य ठरली. या शस्त्रक्रियेनंतर ट्रॅमाडॉल १८ वर्षांखाली कोणालाच द्यायचे नाही, असेही ठरले.

त्यांच्याऐवजी आता अनेक औषधे थोडी थोडी देऊन वेदना आवरतात. डेक्सामेथासोनच्या एका मात्रेने सूज आणि उलट्या कमी होतात. शिरेतून पॅरासिटामॉल दिले जाते. डेक्समेडेटोमिडिन या गुंगी आणणाऱ्या औषधाने वेदना आणि शुद्धीवर येतानाची तडफड कमी होते, पण श्वासावर फारसा परिणाम होत नाही. त्याने नाडी मात्र मंदावते, म्हणून सतत लक्ष ठेवावे लागते. एवढे करूनही मूल कळवळत असेल, तर देखरेखीखाली फेंटॅनिलची लहान मात्रा देणेच उचित आहे. औषध टाळण्याच्या हट्टापायी मुलाला वेदनेत ठेवू नये.

खरी कसोटी घरी लागते, कारण घसा आठवडा ते दहा दिवस दुखतो. डॉक्टरांनी मुलीच्या वजनानुसार लिहून दिलेले पॅरासिटामॉल, आणि त्यांनी सांगितले असल्यास आयबुप्रोफेन, पहिले काही दिवस ती रडण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यावे. आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढेल, अशी भीती अनेकांना वाटते. तरी अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत ही दोन्ही औषधे सुचवलेली आहेत. घरात उरलेले निमेसुलाइड हे वेदनाशामक मात्र देऊ नये. भारतात २०११ पासून १२ वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी आहे. ॲस्पिरिन नको, आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषधही नको.

घोरण्याची आणि श्वास अडकण्याची सगळी माहिती भूलतज्ज्ञांना पुन्हा सविस्तर सांगा, आणि पहिली रात्र रुग्णालयात ठेवणार का, हे विचारून घ्या. घरी आल्यावर थुंकीतून ताजे रक्त आले किंवा ती झोपेत सारखी गिळू लागली, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. असा रक्तस्राव पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारासही होऊ शकतो.