डी-८ इंजुरीनंतर करंटवाली सायकल घेतली तर भाऊ परत चालेल का?

तुमच्या भावाला डी-८ ला, म्हणजे पाठीच्या आठव्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूला कम्प्लीट इंजुरी (खाली ना हालचाल, ना संवेदना), आठ महिने झालेत, आणि कोणीतरी सांगितलंय की एफईएस सायकल, म्हणजे करंट देऊन पायाच्या स्नायूंकडून पॅडल मारून घेणारी सायकल घ्या, पोरगा चालायला लागेल. तर चालण्याचं आधी सांगून टाकतो, या सायकलने मज्जारज्जू जुळत नाही. मी स्वतः डी-१० कम्प्लीट आहे, कोथरूडला एका फिजिओकडे बरीच वर्षं हीच सायकल मारतोय, आणि जातो-येतो व्हीलचेअरवरच. तरी सोडणार नाही.

होतं असं की मांडीच्या पुढे, मागे आणि कुल्ल्यावर पॅड चिकटवतात, पाय पॅडलला पट्ट्यांनी बांधतात, आधी मोटर नुसतीच पाय फिरवते आणि मग करंट हळूहळू चढवतात. मला जाणवत काहीच नाही म्हणून मी बघत बसतो, गुडघ्याच्या वरचा स्नायू आधी नुसता फडफडतो, मग एकदम टणक होतो आणि पॅडलला जोर लागतो. आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिथेच हात जोडले, "अगं बाई, हलला की रे पाय!" आता तिला कसं समजावायचं की हे मी नाही करत. मेंदूचा निरोप इंजुरीच्या खाली पोचत नाही, पण खालच्या नसा शाबूत असतात, त्यांना बाहेरून करंट देऊन स्नायूला कामाला लावायचं, एवढंच. सुरुवातीला काही मिनिटांतच पाय ढेपाळतात, कारण करंटने लवकर दमणारे तंतूही लगेच कामाला लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

फायदा म्हणाल तर मांड्या भरतात, दम वाढतो, कुल्ल्यावर थोडं मांस धरतं. माझे स्पाझम (पाय आपोआप ताठणं, झटके येणं) त्या रात्री कमी असतात, काहींचे उलट वाढतात. पण आठवड्यातून तीनदा, अर्धा-पाऊण तास, कायमचं करायची तयारी हवी, बंद केलं की कमावलेलं सगळं उतरतं.

आता पैशाचं. इंपोर्टेड सायकल लाखांच्या घरात जाते, त्यामुळे घ्यायच्या आधी फिजिओला साध्या स्टिम्युलेटरवर (स्नायूला करंट देणारं मशीन) भावाची मांडी आखडते का ते बघायला सांगा. डी-८ ला बहुतेक आखडते. पण डी-१२, एल-१ (कमरेचा पहिला मणका) च्या आसपास किंवा खाली मार असेल तर बऱ्याचदा स्नायूंच्या नसाच गेलेल्या असतात, पाय लुळे पडतात, आणि मग ही सायकल काही कामाची नाही. सदाशिव पेठेत किंवा ऑनलाइन मिळणारं टेन्स मशीन म्हणजे हे नव्हे, ते दुखणं कमी करायला असतं. डॉक्टरांना विचारून डेक्सा स्कॅन (हाडं किती ठिसूळ ते बघणारा) पण करून घ्या, पायाची हाडं ठिसूळ झालेली असतात आणि जोर लागला की फ्रॅक्चर होऊ शकतं, वर पेशंटला कळतही नाही. हे वाचणाऱ्यात कोणाची इंजुरी डी-६ किंवा त्याच्या वर असेल तर करंटने बीपी एकदम चढू शकतो, डोकं ठणकलं, घाम फुटला की लगेच थांबायचं, आणि सुरुवात तरी एकट्याने करायचीच नाही.

राहिले ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ. सुपरमॅनवाला ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ ला घोड्यावरून पडला, त्याने ही सायकल भरपूर केली, काही वर्षांनी थोडी संवेदना आणि हालचाल आली पण तो चालला नाही, २००४ ला गेला. आणि स्वित्झर्लंडची २०१८ ची ती चालणारी माणसं वेगळी केस आहे, त्यांच्या मणक्यात ऑपरेशन करून इलेक्ट्रोड बसवले होते, आणि मुळात त्यांची इंजुरी इनकम्प्लीट होती, म्हणजे मज्जारज्जू पूर्ण गेलेला नव्हता. त्या व्हिडिओवर कोणी तुम्हाला सायकल विकत असेल तर सरळ उठून या.

माझं मत, सहा महिने सेशनचे पैसे देऊन करा आणि मग ठरवा. भावाचे हात चांगले आहेत, व्हीलचेअरवरून बेडवर स्वतः सरकणं अजून जमत नसेल तर आधी त्यावर वेळ घाला. आणि पॅड काढल्यावर कातडी रोज बघायची, चौकोनी लाल ठसा उमटतो तो थोड्या वेळात गेला पाहिजे, दुसऱ्या दिवशीही दिसला तर त्या जागी पॅड लावायचा नाही, फोटो काढून फिजिओला पाठवायचा.