उत्तर: खजिनदार गेले, खातं अडकलं, पगार थकले

सलाम भाऊ. तुमची पोस्ट वाचली आणि वाटलं हे तर आमचंच जुनं रडगाणं. खजिनदार मुलाकडे परदेशी गेले, नवी कमिटी निवडून आली, बँक सह्या बदलून देत नाही, आणि चर्चचा शिपाई, ऑर्गनिस्ट (उपासनेत ऑर्गन वाजवणारा), दफनभूमीचा वॉचमन तिघंही पगाराविना. ठराव, मिनिट्स वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधीच सांगतो, मी वकील नाही, सीए नाही. आमची मंडळी स्वतंत्र, ट्रस्ट स्वतःचा. तुम्ही डायोसिसखाली (बिशपच्या हाताखालच्या धर्मप्रांतात) असाल आणि खाती वरच्या ट्रस्टच्या नावावर असतील तर यातलं निम्मं लागू नाही, पाळकसाहेबांना आधी वर पत्र लिहायला सांगा.

आमचं घोडं बँकेतच अडलं होतं. नाव घेत नाही. ठराव आणा म्हणाले, नेला. मग सगळ्यांचं केवायसी, दिलं. मग ट्रस्टचं पॅन, अहो ते तुमच्याच फायलीत आहे ना! शेवटी साहेब म्हणे परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवर, नवी नावं चढवून आणा मगच बोलू. आता विश्वस्त बदलले की महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट (बदलाची माहिती) द्यायचा असतो, तो तुम्ही दिला नसेल तर आजच वकील गाठा, उशीर झाला असेल तर कारण पटवून मुदत वाढवून मिळू शकते. पण तो मंजूर होईपर्यंत नोंदीत जुनीच नावं राहणार, आणि कोणी हरकत घेतली की लांबणार (हरलेलं पॅनल घेतंच, मग रविवारी शेजारी बसून स्तोत्रंही म्हणतं). तोवर काय चर्चला टाळं लावायचं? निवडून आलेल्यांना मंजुरीआधीही कारभार बघता येतो असं मुंबई हायकोर्टाने म्हटलेलं आहे, वकिलाकडून निकालाची प्रत घ्या आणि अर्जाला जोडा.

सगळ्यात जास्त नडलं ते हे की बँकेने एक अक्षर लेखी दिलं नाही. सगळं तोंडी. साहेबांची बदली झाली की परत पहिल्यापासून. म्हणून काउंटरवर वाद घालत बसू नका, अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्का घ्या, तोच मजकूर ईमेलने पाठवा आणि नकाराचं कारण लेखी मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. आमच्याकडे पत्रात लोकपाल हा शब्द आल्यावर साहेबांनी पहिल्यांदा खुर्ची दिली.

आता पगार. खात्यात पैसे भरता येतात, काढता येत नाहीत, म्हणून लोक म्हणतात अर्पणाच्या थैलीतून परस्पर देऊन टाका. नको. नात्यात नसलेल्या दोघांनी आधी मोजायचं, रजिस्टरला लिहून सही करायची, मग व्हाउचरवर द्यायचं. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका, इन्कम टॅक्सच्या हिशोबात तो खर्च धरत नाहीत. आणि कोणी श्रीमंत सभासद म्हणाला मी उसने देतो, तर उसने घेऊच नका, ट्रस्टसाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. देणगी म्हणून घ्या, पावती फाडा.

माझं मत कोणाला आवडो न आवडो, पहिला पगार शिपायाचा. पाळकसाहेबांना निदान जेवायला चार घरं बोलावतात, शिपायाला कोण बोलावतं? पहाटे चर्च तोच उघडणार, घंटा तोच वाजवणार, आणि कमिटीत म्हणायचं की ही तर प्रभूची सेवा आहे. मग तुम्ही पण करा की बिनपगारी! थैलीत दहाची नोट टाकणारेच ग्रुपवर ऑडिट मागतात, त्यांना उत्तर देऊ नका, महिन्याचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लावा आणि ग्रुप अॅडमिन-ओन्ली करा.

जाता जाता, हंगामाच्या सणाला लोकांनी चर्चला वाहिलेल्या भाज्या-फळांच्या लिलावात बोली लावून पैसे न देणारे तुमच्याकडेही असतील. बोली संपली की जागेवर नाव-रक्कम लिहून सही घ्या, पुढच्या वर्षी भोपळा हजाराला जात नाही ते वेगळं.

तुमच्या ट्रस्टच्या घटनेत (नियमावलीत) बँकेत सही कोणाकोणाची असं लिहिलंय ते बघून इथे टाका. तिघांपैकी कोणतेही दोघे असं असेल तर उरलेल्या दोघांवर काम भागेल, फक्त खजिनदाराचीच सही सक्तीची असेल तर आधी घटनादुरुस्ती, आणि ती वेगळीच भानगड आहे.