'खुला समाज' की 'मुक्त समाज'?

सोलापुरातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: तत्त्वज्ञ कार्ल पॉपरच्या 'ओपन सोसायटी'ला मराठीत काय म्हणावं? 'ओपन युनिव्हर्सिटी'चं मुक्त विद्यापीठ झालं, मग 'मुक्त समाज' का नको? 'खुला समाज' म्हटलं की वर्गात सगळ्यांना खुला प्रवर्गच आठवतो.

अडचण खरी आहे, पण ती 'खुला'ची नाही, 'समाज'ची आहे. 'आमच्या समाजाचं मंगल कार्यालय' असं कुणी म्हटलं की समाज म्हणजे जात, हे आपल्याला समजावून द्यावं लागत नाही. आणि पॉपर ज्याला बंद समाज म्हणतो तो असाच: जन्माने जागा ठरलेली, रूढी निसर्गनियमासारख्या पाळायच्या, प्रश्न विचारायचा नाही. 'ओपन सोसायटी' याच्या उलट. (खुला-बंद ही जोडी फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँने १९३२ साली वापरली होती. पॉपरने १९४५च्या ग्रंथात तिला राजकीय धार दिली.)

'मुक्त' हा शब्द मात्र सोलापूरकरांनी जपून वापरावा. इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. त्या भागाला आपण अजून सेटलमेंट म्हणतो. १९५२ साली गुन्हेगार जमातींचा तो कायदा गेला आणि ती माणसं 'विमुक्त' झाली. शब्द चपखल आहे, कारण 'मुक्त' म्हणजे सोडवलेला. सोडवणारा वेगळा असतो आणि सुटका एकदाच होते. पण सुटलेल्या माणसाला भाड्याने खोली मिळते का, कामावर घेतात का, हे त्या शब्दात येत नाही. तिथे 'खुला' लागतो.

कारण दार खुलं ठेवावं लागतं. 'मुक्त ठेवा' आपण म्हणतो ते 'धूरमुक्त'सारखं, कशापासून तरी. 'खुलं ठेवा' म्हटलं की दाराशी माणूस उभा राहतो. पॉपरने संस्थांना किल्ल्याची उपमा दिली आहे: बांधणी चांगली हवी आणि आत माणसंही हवीत. त्या माणसांना मराठीत नेमका शब्द आहे, शिबंदी. आपला भुईकोट बघा. तट आहेत, बुरूज आहेत, खंदक आहे. शिबंदी गेली आणि आता आत बाग आहे. महापालिका, न्यायालय, निवडणूक यांची शिबंदी म्हणजे अंदाजपत्रक वाचणारे, माहितीचा अर्ज टाकणारे, सभेत उभं राहून विचारणारे आपण.

म्हणूनच 'इन्स्टिट्यूशन'साठी 'यंत्रणा' लिहू नका. यंत्रणा दुसरं कुणी राबवतं, संस्थेला सभासद असतात. सभासद बैठकीला यायचे थांबले की काय होतं, त्यालाही आपल्याकडे तयार शब्दप्रयोग आहे: संस्थेचं संस्थान होतं. शेजारी अक्कलकोट संस्थान होतं, त्यामुळे यातला फरक आपल्याला वेगळा शिकवायला नको.

तेव्हा निबंधात पहिल्यांदा 'खुली समाजरचना' लिहा, म्हणजे जातीचा आणि प्रवर्गाचा घोटाळा होणार नाही. पुढे 'खुला समाज' बिनधास्त वापरा.